सातच्या जागी आठ

क्लेम गॅरड आधी भिंतीला कान लावतो,
मग बोटाच्या पेराने टकटक,
म्हाताऱ्याची छाती तपासावी तशी.
"सिमेंट," म्हणतो, आणि थुंकतो.

साठेक वर्षांपूर्वी कुणीतरी
सफोकमधल्या या घराला
करड्या रंगाचा कडक कोट चढवला.
पाऊस बाहेर राहील, हा हिशोब.
पाणी आत राहिलं.

छिन्नी लागली की ढलपा सुटतो ताटाएवढा.
मागे ओक: तळाशी बोटाने उकरता येईल असा,
वर मात्र लोखंड.
खांबांच्या मधे कूड,
हेझलच्या विणलेल्या फांद्या, माती, शेण, पेंढा,
आणि एका जागी अख्खा तळवा उमटलेला.
मी त्यावर हात ठेवून पाहिला.
माझा मोठा निघाला.

म्युरिएल फेन चहा घेऊन येते
दाराच्या पट्टीखालून मान वाकवत.
चाळीस वर्षं झाली. आता बँकेत शिरतानाही वाकते.

घर फिरलं की वासे फिरतात.
इथे ते अक्षरशः फिरलेत.
ओक हिरवाच कापला, हिरवाच उभा केला,
सुकता सुकता एकेका तुळईने अंग पिळलं
आणि लाकडी खुंट्या अशा आवळल्या
की काढू म्हटल्या तरी निघायच्या नाहीत.
शाकारलेलं छप्पर डोक्यावर घेऊन
घर पूर्वेला वीतभर कललंय,
शेजारणीचं काही ऐकत असल्यासारखं.

सांध्यांवर सुताराच्या खुणा.
एक रेघ, दोन, तीन. चार म्हणजे चारच रेघा.
आवारात आडवी जुळवून, आकडे कोरून,
सुटी करून, गाडीवर घालून आणलेली ही चौकट.
पाच. सहा.
सहानंतर आठ.
मग सात.

क्लेम शिडीवर बराच वेळ गप्प.
अंधार पडत आला असेल,
किंवा रात्री कुणाचं तरी पोर तापलं असेल,
किंवा आकडे न येणाऱ्या पोऱ्याच्या खांद्यावर
तो खांब दिला असेल.
खोबणीत बसेना म्हणून कुसू तासलंय,
पाचर ठोकलीय,
शिवीही घातली असणार.
तेव्हापासून चारशे वर्षं
सातचं ओझं आठच्या डोक्यावर.

"हे दुरुस्त करायचं का?" म्युरिएल विचारते.
चुन्यात बकरीचे केस कालवत क्लेम म्हणतो,
"कुठलं?"

दुपारी गिलाव्याचा पहिला हात.
डावीकडून सुरुवात केली त्याने,
आठपाशी आला
आणि थापी माझ्याकडे दिली.
मी जरा वेळ लावला.