टप्पा शून्य

गोळपच्या सड्यावर, कॅनिंगच्या शेडमागे
हापूसच्या गराचे डबे पंधरा दिवस निवत बसतात,
आणि मग सुमती शितप येते सळी घेऊन.
पेन्सिलीएवढी सळी, टोकाला वाटाण्याएवढी गोळी.
टण्. टण्. टण्. टद्.
चौथा डबा बाजूला.
मागे वळून बघणं नाही.

मला कंपनीने पाठवलं तिचं ज्ञान उतरवायला.
पत्रात शब्द तोच होता, उतरवायला,
जसा झाडावरून आंबा उतरवतात, देठासकट,
डीक न सांडता.
जूनअखेर ती निवृत्त होणार होती,
आणि अठ्ठावीस हंगामांत
तिने बाजूला काढलेला एकही डबा चांगला निघाला नव्हता.

मी चौकटी आखल्या.
डबा हा वर्ग. झाकण त्याचा भाग.
नाद हा गुणधर्म. बाण इकडून तिकडे.
जर नाद बद्द, तर डबा संशयित.
"बद्द म्हणजे किती बद्द, मावशी?"
"किती म्हंजे? कलता."
"कशावरून?"
"कानावरून."

तिसऱ्या दिवशी जरा सैल झाली.
म्हणाली, आवाज दोन नसतात, सात असतात.
एक भरल्या घरासारखा. एक रडका.
एक खोटा, वाजतो छान पण थांबतो उशिरा.
आणि एक, ज्याला तिच्याकडेही नाव नाही.
तो आला की ती डबा होता तिथे ठेवते,
चहा पिऊन येते, पुन्हा वाजवते.
चहा मी टिपला नाही. तो टप्पा वाटला नाही.

आणि हे सगळं आलं कुठून, तर फणसातून.
आई झाडावर चढून टिचक्या मारायची,
ही खाली उभी राहून ओरडायची:
आजचा! परवाचा! राहू दे, आठ दिवस!

मी फणस घातला आकृतीत.
पुण्याहून शेरा आला: विषयकक्षेबाहेर, काढावा.
काढला.
बाण पुसायचा राहिला. तो अजून आहे तिथे,
कुठूनही न निघालेला.

मग चित्रफिती.
सतरावी हळू चालवून बघताना दिसलं,
रांग सुरू करण्याआधी दर वेळी
ती उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारते.
तासन्‌तास बोललो होतो, हे कधी आलं नव्हतं.
विचारलं तर हसली.
"ता काय काम हाय? ती सवय."
किणकिण नको म्हणून असणार.
पण तिने म्हटलं नाही ते मी कसं लिहू?
लिहिलं, टप्पा शून्य: हात मनगटापासून कोपराकडे न्यावा.
कारणाचा रकाना कोरा.

शेवटच्या दिवशी पडद्यावर सगळं दाखवलं,
एकेचाळीस वर्ग, एकशे बारा नाती.
"ह्याच्यात मी कुठं?"
मी चौकटीवर बोट ठेवलं: कुशल कामगार, संख्या एक.
तिने सळीने लॅपटॉपच्या पाठीवर
हलकेच वाजवलं, कान तिरका केला.
"पोकल नाय," म्हणाली. "पन बाजूलाच ठेव."

पुढच्या हंगामात गेले
तेव्हा सळी तुषार भुवडच्या हातात.
वीस वर्षांचा, आयटीआय झालेला,
मनगट उघडं, साधा दोराही नाही.
भिंतीवर माझा तक्ता, प्लॅस्टिकमध्ये.
रांगेसमोर उभं राहून त्याने
डावा तळवा उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत नेला,
नसलेल्या बांगड्या वर सारल्या.
तेवढ्यात बॉयलरची धाप जरा मागे हटली,
ट्रॉली ओढणारी बाई थबकली.
टण्. टण्.
तिसऱ्यावर तो थांबला. मान तिरकी.
"याला काय म्हणायचं ते कळत नाही, ताई,"
असं म्हणून डबा होता तिथे ठेवला
आणि चहा प्यायला गेला.