सातवी स्लाइड

विल्निसनं फाइल पाठवली, सोबत एकच ओळ:
"झैगा, जरा बरी कर. उद्या सहाला सभा."
जरा बरी.
जणू स्लाइडला ताप होता आणि मी काढा.

खिडकीबाहेर कुल्डीगात चारलाच अंधार.
छपरांवरचा बर्फ निळा पडत चाललेला,
आणि पडद्यावर दुसरा निळा,
वर गडद, खाली फिकट, सरकारी.
त्यावर पांढऱ्या अक्षरांत अकरा मुद्दे
एकमेकांच्या कुशीत कोपर खुपसून उभे.
कोपऱ्यात पालिकेचं बोधचिन्ह, आडवं ताणलेलं.
मध्ये हस्तांदोलन करणारे दोन हात
(कुणाचे? कशाबद्दल?)
आणि एक फुगीर वर्तुळ, केकसारखं कापलेलं,
सात रंग, सात फोडी,
सातवी इतकी बारीक की तिचं नाव बाहेर लटकलेलं
बाणाच्या टोकाला: 'इतर'.

आधी ते हात काढले.
कुणालाच चुकल्याचुकल्यासारखं झालं नाही.
मग निळा.
मग सावल्या. अक्षरांनाही सावल्या होत्या,
भर फेब्रुवारीत, जेव्हा माणसांची पडत नाही.
लिंडनच्या फुलांचा चहा गार झाला.
पहिला मुद्दा आणि चौथा मुद्दा जुळे निघाले;
एकाला घरी पाठवलं.
'सर्वंकष', 'अनुषंगाने', 'टप्प्याटप्प्याने',
हे शब्द उचलले तर खाली काहीच नव्हतं,
दगडाखाली ओल असते, तेवढीही नाही.

नवव्या मुद्द्यात, कंसात, मुंगीएवढ्या टंकात
सापडलं:
संध्याकाळी सहानंतर अकरा नंबरच्या बसनं
रोज घरी जाणारे, तेवीस.
म्हणजे ही ती फोड.
हेच ते इतर.

कंस काढायला एक बोट पुरतं.
तेवीसला मोठं केलं, आणखी मोठं,
काळं, डावीकडे, मधल्या रेषेच्या जरा खाली,
थांब्यावर माणूस उभा राहतो तसं,
वाऱ्याकडे पाठ करून.
खाली एक ओळ: शेवटची बस बंद केली, तर हे कसे जातील?
उरलेलं सगळं पांढरं.
त्याला हात लावला नाही.
त्यातूनच तर त्यांना चालत जायचं होतं.

साडेनऊला विल्निसचा फोन.
बराच वेळ नुसता श्वास.
"सुरेख आहे," म्हणाला. "पण झैगा, हे वाचता येतंय."

एवढी वर्षं मला वाटायचं, कंटाळवाणी स्लाइड
आळसातून होते.
हा आळस नव्हता. पांघरूण होतं,
चारी बाजूंनी नीट खोचलेलं.

मी दोन्ही फाइली पाठवल्या. नावं दिली 'निळी' आणि 'तेवीस'.
कोणती लावायची ते तू बघ, म्हटलं,
आणि झोप आली नाही ती चहामुळे,
असं स्वतःला सांगितलं.

सभा शाळेच्या जेवणघरात. बीटच्या सुपाचा वास.
ओले कोट खुर्च्यांच्या पाठींवर,
प्रोजेक्टर भूगोलाच्या पुस्तकांवर, तिरका.
पाचवी निळी. सहावी निळी.
मागे कुणीतरी जांभई देताना अर्ध्यात थांबलं.
सातवी पांढरी.
विल्निस स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं.
मग तिसऱ्या रांगेतून मिर्द्झा उठली, लोकरी टोपी हातात.
चष्मा पुसला, पुन्हा लावला,
आणि शाळेच्या जुन्या फोटोत
आपलं डोकं शोधावं तसं आकड्याकडे पाहिलं.

"चुकलंय," म्हणाली.
"बावीस. आर्विद्स नाताळात गेला."

मी लॅपटॉपपाशी गेले.
तीन पुसला. दोन लिहिला.
भिंतीवर, सगळ्यांच्या देखत,
आर्विद्स उतरला.

बसचं काय ते मार्चमध्ये ठरेल, असं कुणीतरी म्हणालं.
मिर्द्झा अजून उभीच होती.