सातचा आकडा

सगळ्यांना काही ना काही मिळालं.
तौफीक सनदीला नळी, महांतेशला सर्किट,
गौतमी कंग्राळकरला इंधनाच्या कपाटाची किल्ली
आणि सरांचं, "मला विचारल्याशिवाय हात नाही लावायचा."
मला वही.
दोनशे पानी, पुठ्ठ्याची, गणपत गल्लीतली.
पहिल्या पानावर सरांच्या शाईत:
जे झालं ते लिही. जे व्हायला हवं होतं ते नको.

मी लिहिलं.
उद्यमबागेत इराप्पा बडिगेरनी लेथवर नोझल कातलं,
पैसे घेतले नाहीत, चहा मात्र आमच्याकडून घेतला.
कातताना निघालेली पोलादाची कुरळी साल
चिकटपट्टीनं वहीत लावली. पान नऊ.
अजून बोटाला लागते.

वडगावला नीलव्वा कामकरांच्या मागाशेजारी
छत्रीचं कापड आठ पाकळ्यांत बेतलं.
"ह्यात बसणार कोण?"
कुणी नाही, मावशी.
"मग एवढी जपणूक कुणासाठी?"
हाही प्रश्न लिहिला. पान चौदा. उत्तराचा रकाना रिकामा.

जमिनीवरच्या चाचण्या तीन.
पहिली फुसकी, दुसरी बरी,
तिसरीत वजनकाटा जळाला, आकडे वाचले.

मग जांबोटीच्या वाटेवरचा माळ, रविवार, साडेनऊ.
वारा घाटाकडून. भोवतीचं गवत भिजवलेलं.
परवानगी कानडीत, माझा अर्ज मराठीत,
दोन्ही कागदांना एकच टाचणी.
गुराख्यानं म्हशी ओढ्यापलीकडं नेल्या, वर म्हणाला,
"सोडूलालाय तर सोडा की लवकर."

उडालं.
मी घड्याळ बघत होते. वर बघायचं काम माझं नव्हतं.
सहाव्या सेकंदाला आवाज आला,
दुकानात मांजरपाट टर्रकन फाडून देतात तसा.
ते अजून चढत होतं आणि छत्री उघडली.
आठातल्या पाच पाकळ्या गेल्या.
रॉकेट करवंदीच्या जाळीत, नाक आधी.

खानापूरच्या स्टँडवर, बस यायची होती,
महांतेश मांडीवर सर्किट घेऊन म्हणाला,
"मी सहा टाकलेत. वहीत सहा होतं."
वही उघडली. पान एकतीस.
अक्षर माझं. सात माझा, देवनागरी,
घाईत शेपूट आखूड, पोट फुगलेलं.
कानडी शाळेत शिकलेल्या डोळ्याला
तो सहा दिसला, यात त्याचा काय दोष?

तौफीक म्हणाला, "वारा लिही. वरचा वारा.
अहवाल कोण वाचतंय?"
गौतमी शेंगा सोलत राहिली.
पेन माझ्या हातात.

आमच्याकडं एका अक्षरावरून
रात्रीत पाटी काळी होते,
सकाळी पोलीस, दुपारी बस बंद.
आमच्या आकड्यानं फक्त कापड फाटलं.
तेवढं तरी सरळ लिहावं.

पान सत्तेचाळीस.
चूक: वेळेचा आकडा.
लिहिणारी: ऋजुता मुतगेकर.
सातचा सहा वाचला गेला, कारण सात सातसारखा नव्हता.

महांतेशनं वाचलं.
मराठी तो फाडफाड बोलतो, वाचताना मात्र ओठ हलतात.
मग हसायलाच लागला. म्हणाला,
कानडीत सहा म्हणजे आरु,
आणि आरु म्हणजे विझ, असंही होतं.
सात म्हणजे एळु. एळु म्हणजे ऊठ.
"तू ऊठ लिहिलंस गं. मी विझ वाचलं."

हे पण लिहू का, विचारलं.
"लिही की. झालंच आहे ते."

तेव्हापासून आकडा अक्षरात, दोन्ही भाषांत,
आणि एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं.
वर्कशॉपमधून जाणारे शिपाईमामा थबकतात:
सात, एळु, सात, एळु,
ही पोरं कुणाला उठवतायत?

नीलव्वांनी पाच पाकळ्या नव्या जोडल्या,
रंग वेगळा; आधीचा संपला होता.
फाटका तुकडा पान अठ्ठेचाळीसवर.
पान एकोणपन्नास:
पुढचं उड्डाण, तारीख नाही, अर्ज दिलाय,
यंदा कानडीत मी लिहिला, मराठीत महांतेशनं.
त्याच्या अर्जात चार चुका. माझ्यात किती,
ते अजून कुणी सांगितलेलं नाही.