जबर

उजवं मनगट मोडलं, तेही परीक्षेच्या तोंडावर.
यावलच्या पुढे, डोंगराच्या कडेला,
सुभान तडवींच्या ओट्यावर जाऊन बसलो.
आधी एक बकरी होती. तिचा पाय बांधून झाला,
मग माझा नंबर.

"मास्तर, हात पाहू नका. तिकडे सातपुडा पाहा."
पाहिला.
मार्चच्या उन्हात पळस सोडून काहीच जागं नव्हतं.
ते अंगठ्यानं चाचपत होते आतलं,
न दिसणारं,
मी बावीस वर्षं फळ्यावर क्ष चाचपतो तसं.

"हाड सोताच जागा शोधून राह्यलं.
आपण फक्त आडवं यायचं नाही."
आणि बोलता बोलता ओढलं.

कळ मस्तकात गेली.
तिच्यामागून वर आली एक गोष्ट,
कधीतरी वाचलेली, वर्गात कधीच न सांगितलेली:
बाराशे वर्षांपूर्वी बगदादेत बसून
ख्वारिज्मच्या एका माणसानं समीकरणं सोडवली
आणि रीतीला नाव दिलं, अल्-जब्र.
अरबीत हाड बसवण्यालाही हाच शब्द.
एका बाजूचं जे वजा झालंय
ते तिला भरून द्यायचं,
आणि तेवढंच दुसरीलाही,
म्हणजे तराजू रुसत नाही.

आम्ही घोकवतो:
बरोबरच्या पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं.
का बदलतं, असं कुणी विचारलंच
तर, बस खाली, पेपरात येत नाही.

मुकाबला म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर बसवून
सारखं तेवढं उचलून टाकणं.
आपण त्याची कुस्ती केली.
जब्रची जबरदस्ती.
शून्य इकडून गेलं, तिकडे सिफर झालं;
आणि तिकडून आलेलं
माझ्या बापाच्या वहीत होतं,
धरणगावच्या कापसाच्या अडतीत:
रक्कम, जमा, वजा, बाकी.
त्याला ते सगळं मराठीच वाटायचं.
होतंच.

बांबूच्या चार कामट्या, वर जुन्या लुगड्याची पट्टी.
गाठ दातांनी ओढून सुभानभाई म्हणाले, झालं.
"किती द्यायचे?"
"द्या काहीतरी."

बगदादेतही न कळलेल्या संख्येला
एवढंच म्हणत: शै.
वस्तू. काहीतरी.

मी शंभराची नोट काढली.
त्यांनी बंडीच्या खिशात हात घालून
चाळीस परत केले.

का चाळीस,
ते अजून सोडवतोय.
डाव्या हातानं.