दोन किल्ल्यांची गाडी

उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीच्या पायथ्याशी
जुन्या मालवाहू कंटेनरात माझं दुकान.
आत कोळशाची शेगडी, एक भिंग, सोल्डरची सुई
आणि चिमट्यानेच उचलाव्या लागतात अशा नखाएवढ्या वस्तू.

हिवाळा माझी सुगी.
उणे तीसला सगळ्यात आधी दम सोडते
ती रिमोट किल्लीतली चपटी सेल.
लोक गाडीला शिव्या घालत येतात.
गाडीचा काही दोष नसतो.

दारावर लिहून ठेवलंय:
किल्ली बाहेरच्या खिशात ठेवू नका,
देलच्या आत ठेवा, अंगाला लागून,
जिथे तुमचे वडील तपकिरीची कुपी ठेवत.
सेलला बोटांचा ओशटपणा लावू नका.
पट्ट्या काळ्या पडल्या तर
शाळेतलं खोडरबर फिरवा, हलक्या हाताने.
पाठवायची असेल तर सेल काढून वेगळी गुंडाळा.

एवढं वाचून निम्मी गिऱ्हाइकं
दारातूनच परत जातात.
नवरा म्हणतो, तू काही श्रीमंत व्हायची नाहीस.

लुव्सनदाग्वा आला तो रिकाम्या हाताने.
तूल नदीवर बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला होता.
वाकला.
डुबुक.

म्हणाला, नवी करून दे.
मी विचारलं, दुसरी कुठे आहे?
"आन्सानला. नोमिंझुलच्या कोटात.
विमानतळापर्यंत तीच चालवत होती, तशीच गेली.
चार वर्षं झाली."

मग सगळ्यांना सांगते तेच त्यालाही सांगितलं.
एकही किल्ली हाताशी नसेल
तर गाडीची पाटी कोरी करावी लागते.
आधीच्या सगळ्या ओळखी पुसायच्या,
मग नवीची घालून द्यायची.
चहा निवायच्या आत होतं.

"आणि आन्सानची?"

ती मग नुसतं प्लास्टिक.
दाबली तर तिचा दिवा लागेल,
गाडी ऐकणार नाही.

तो बराच वेळ शेगडीत बघत राहिला.
मी खारा चहा पुढे सरकवला, तोही तसाच.
"रात्रपाळीहून परतताना दाबते म्हणे ती कधी कधी,"
त्याने कपालाच सांगितलं.
"तिथून इकडे काय उघडणार आहे?
पण तिने फोनवर सांगितलं त्या रात्री
मी खिडकीतून बघून आलो होतो."

आणि टोपी घालून उठला.
"मागवून घेतो."

गाडी कुंपणाशी बर्फाखाली.
हा पाण्याचे कॅन हातगाडीवर ओढत
रोज माझ्या दारावरून.
मी हाक मारायचे, गुआय, पुसू या का?
तो हातगाडी थांबवतही नसे.

पार्सल आलं तेव्हा चांद्र नववर्ष उलटून गेलं होतं.
लोकरीच्या मोज्यात किल्ली,
सेल वेगळी, कागदाच्या चार घड्यांत,
आणि पट्ट्या अशा लखलखीत
की एका खाचेत खोडरबराचा चुरा अजून अडकलेला.
मी चमकून बघितलं.
"तुझं दार वाचून दाखवलं तिला," तो म्हणाला.
"दोनदा. रेंज जात होती."

आता काम सोपं.
जुनीने नवीची गाडीशी ओळख करून दिली,
कोणाला काही विसरावं लागलं नाही.
काच खरवडत होतो आम्ही तेव्हा
नवी दाबल्यावर दिवे दोनदा लुकलुकले,
आणि मागच्या सीटवरचं मांजर कुठून आलं देव जाणे,
ते उडी मारून पळालं.

नवी त्याने देलच्या आत टाकली.
जुनी माझ्यासमोर ठेवली, मोज्यासकट.
"ही परत पाठवायचीय."

सेल काढून देते, मी म्हटलं.

"नको. आतच राहू दे.
पोचली की लगेच दाबता आली पाहिजे."

दारावर काय लिहिलंय ते त्याला पाठ होतं.
मलाही होतं.
मी नवी सेल बसवली, कापडाने पुसली,
झाकण टचकन लागेपर्यंत दाबलं.

सेलचे पैसे लावले नाहीत.
नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.