शंभर पानी वही

केराबाईचा अंगठा मशीनला कळत नव्हता.
एकदा पदराला पुसला, एकदा थुंकी लावून,
एकदा मीच चिमटीत धरून काचेवर दाबला.
लाल दिवा.
"कामून रे बाप्पा?" ती म्हणाली,
"मह्या हाताला काय झालं?"

झालं काहीच नव्हतं.
चाळीस वर्षं कापूस वेचला, भिंती सारवल्या,
रेषा झिजून गेल्या ज्याच्या-त्याच्या वावरात.
मी म्हणालो, पुढच्या महिन्यात या.
हे वाक्य मला पाठ होतं.
तीन महिने तिला मी तेवढंच मोजून दिलं.

दुकानासमोर, लिंबाखाली,
जैबून आपा साड्यांना फॉल लावते.
लाल दिवा लागला की तिची सुई थांबायची.
मला वाटायचं, दोरा तुटला असेल.

मग तिच्या मांडीवर वही दिसली, शंभर पानी,
लेकाची जुनी; पुढून भूगोल,
मागून आपाचं वाकडंतिकडं अक्षर:
केराबाई. तीन तारीख, सकाळी अकरा. परत.
बन्सी धोत्रे, खाणीतली बोटं. परत.
सुभद्रा, लेकरू काखेत, दुसऱ्यांदा. परत.
शिवी नाही, शेरा नाही,
नुसतं परत, परत,
आटल्या आडातून पोहरा यावा तसं.

"कशाला लिहितीस, आपा?"
"पेट भूलता क्या, भाई?
फिर मैं कैकू भूलूँ?"

सोमवारी सातजणी तालुक्याला गेल्या,
काळीपिवळीत, मागच्या फळीवर दाटीवाटीनं.
साहेब म्हणाले, संघटना कोणती?
तुम्ही यांच्या कोण?
आपा म्हणाली, शेजारीण.
फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

पुढच्या सोमवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या पुन्हा.
बुडालेली मजुरी वहीत कुणी लिहिली नाही.
चौथ्या खेपेला घोबाळ्यांची पौर्णिमा सोबत,
अकरावीतली, कॉलेज बुडवून आलेली.
भिंतीवरचा पिवळा पडलेला कागद तिनं
शाळेतल्या प्रार्थनेसारखा मोठ्यानं वाचला,
अख्खा व्हरांडा गप्प:
अंगठा न लागल्यास
कुणालाही रिकाम्या हाताने पाठवू नये.
नोंद करावी. धान्य द्यावे.

तो कागद माझ्याकडेही होता.
गल्ल्याच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याखाली,
दोन वर्षं.
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि एक, आपाच्या वहीत नसलेलं,
मीच सांगतो:
माझा अंगठा कधी चुकला नाही.
गव्हाच्या पारड्यावर तो रोज लागायचा,
किलोमागे पन्नास ग्रॅम,
पहिल्याच दमात.

केराबाई आली ती दोन पिशव्या घेऊन,
एक शेजारच्या घरून मागून आणलेली.
रजिस्टरवर निळ्या शाईचा अंगठा उठवला.
एक रेष नाही त्यात,
नुसता ओला, निळा ठिपका.
"आता कळलं का त्याला?" तिनं विचारलं.
मशीन बाजूला बंद पडलेलं होतं.
मी हो म्हणालो.

गहू टाकताना आपा रस्ता ओलांडून आली,
गळ्यात टेप, तोंडात दोरा.
काही बोलली नाही.
काट्यासमोर उभी राहिली फक्त.
मी हात मागे घेतला.
पारडं वर गेलं, खाली आलं, हललं जरासं,
आम्ही तिघं ते थांबायची वाट बघत राहिलो.
किती वेळ लागतो त्याला.
मला माहीतच नव्हतं.

वही अजून चालू आहे.
डांबावरचा दिवा, सुभद्राच्या लेकराचा दाखला,
बन्सीची बुडवलेली हजेरी.
मागून भरत भरत आता ती
गोदावरीच्या खोऱ्यापाशी आलीय.
परवा वाऱ्यानं एक पान उलटलं,
त्यावर माझं नाव दिसलं.
तारीख. वेळ.
आणि पुढे, वाकड्या अक्षरात:
बरोबर मोजलं. आज.