डोकी वेगळी ठेवायची

आधी डोकं काढायचं.
चार बोल्ट, तेराचा पाना,
आणि कुणीतरी खालून हात द्यायचा, नाहीतर मिशी मोडते.
गेल्या साली मोडलीच. बेन्जीने ती
गरीच्या तंगुसाने बांधली, वरून सोनेरी रंग.
स्पर्धेत कुणाला कळलंही नाही
ड्रॅगन दुखणाईत होता.

मग शेपटी. मग ढोल, ढोलवालीचा पाट.
उरते ती नुसती होडी,
साडेबारा मीटर, अडीचशे किलो,
वल्हवायला वीस माणसं.
उचलायला ग्रुपवर अंगठे एकतीस,
पहाटे साडेपाचला खांदे नऊ,
त्यातला एक माझा, पगारी.

अजमानच्या खाडीकाठची ही शेड सोडायची आहे.
मालक म्हणाला, एकतीस मेपर्यंत. इथं आता गाड्या धुणार.
सात वर्षं ह्या रॅकवर तीन होड्या पालथ्या झोपल्या,
अंगाखाली कुठल्याशा लग्नाच्या हॉलाने टाकलेला लाल गालिचा.
दर शुक्रवारी मी बोटांनी तळ चाचपायचो.
उन्हाने केसाएवढी चीर पडते,
आणि चीर काही ओरडत नाही.

आमच्या देवबागेत होडी ठेवायची ती पावसासाठी.
माडाच्या ओंडक्यांवर, झापांखाली,
आत एखादी कोंबडी अंडी घालून जायची.
बापूस रोज तिन्हीसांजेला नाळेवर तळवा टेकून यायचा,
आजाऱ्याचा ताप बघावा तसा.
इथं ठेवायची ती उन्हासाठी.
तळवा टेकला तर तोच भाजतो.
एकदा चव्वेचाळीस डिग्रीत हिरवी जाळी ओढताना
तोंडातून निघून गेलं, "आता पुनवेपर्यंत गप रव."
बेन्जीने विचारलं, प्रार्थना?
म्हटलं, नाही रे. हिशोब.
इथली पुनव ऑक्टोबरात.

एवढा लांब ट्रेलर दिवसा नको, म्हणून रात्री दीडला निघालो.
गुलजमीरने पट्टे असे आवळले
की शाल्मली मॅडम म्हणाल्या, अहो, श्वास तरी घेऊ द्या तिला.
त्याला मराठी येत नाही.
एक पट्टा त्याने ढिला केला.

मागे दोन मीटर होडी हवेत. टोकाला लाल फडकं पाहिजे.
सापडेना. मग क्लबचाच जुना टी-शर्ट बांधला,
पाठीवर 'डेक्लन'. मार्चात नोकरी गेली, मायदेशी गेला.
रस्ताभर तोच मागच्या गाड्यांना
जरा दूर, जरा दूर, म्हणत होता.

उम्म अल कुवैनच्या पुढे वाळू डांबरावरून सरपटत होती.
पोलिसाने थांबवलं. कागद बघितले, पट्टे ओढून बघितले,
मग टॉर्च केबिनमध्ये.
माझ्या मांडीवर दात, बटाट्याएवढे डोळे, सोनेरी मिशी,
वरून सीटबेल्ट.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, फोटो काढू?

रास अल खैमाला पोचलो तेव्हा तिवरांवर बगळे नुकते जागे.
भरतीचं पाणी, नवे लोखंडी रॅक, गंज अजून लागायचाय.
तीन धडं उतरवली, पालथी केली, जाळी ओढली.
पण डोक्यांना जागा नाही.
कंटेनर तापतो, रंग फुगतो.
सगळे एकमेकांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

आता खोलीत सहा पलंग आणि नऊ डोकी.
माझ्या पलंगाखाली दोन, तिसरं फ्रिजवर.
रात्री पाण्याला उठलेला मुनव्वर दार उघडतो,
उजेड वर दातांवर चढतो,
आणि तो तहानेलाच परत झोपतो.

व्हिडिओ कॉलवर बायकोला दाखवलं.
तिने नीट निरखलं. "आणि धड खंय?"
म्हटलं, ऐंशी किलोमीटरवर.
"मगे तुमच्यापरीस जवळ," म्हणाली,
आणि दूध उतू गेलं म्हणून उठली.

बारा बोल्ट चहाच्या डब्यात टाकले.
अकरा भरले. परत मोजले.
बारावा खिशात होता.